"टुरिस्ट म्हणून जा, व्हिसा तिथं गेल्यावर कन्व्हर्ट होतो": बेळगावात माझ्याबरोबर झालेला प्रकार

थायलंडला इंग्रजी टीचर म्हणून पाठवतो असं सांगणारे एजंट सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं झालेत आणि बीएड करून प्रायव्हेट शाळेत राबणारी आपली पोरंपोरी त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहेत. मी त्यातलीच एक. माझे लाखाच्या वर पैसे अडकलेत, पासपोर्ट तेवढा परत मिळाला. तक्रार चालू आहे म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही, पण कसं कसं केलं ते सगळं सांगते.

आमच्या भागात हे का चालतं ते सीमेवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मराठी मीडियमला शिकलेलो, इकडच्या सरकारी भरतीत कन्नड आडवं येतं, तिकडं महाराष्ट्रात ८६५ गावांना सवलती आहेत म्हणतात पण दाखले गोळा करता करता वय निघून जातं. मग उरते प्रायव्हेट इंग्लिश मीडियम शाळा, हातात तेरा हजार, तेही मे महिन्यात निम्मे. अशात कुणी ३५ हजार बाहत पगार म्हटला, म्हणजे २०२४ च्या रेटनं ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये, राहायला खोली, शनिवार-रविवार सुट्टी, तर माणूस निदान चौकशीला तरी जातोच की.

ऑफिस एकदम चकाचक, पहिल्या मजल्यावर, एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, गळ्यात हार घालून एअरपोर्टवर उभ्या असलेल्या पोरांचे फोटो. आणि एक फ्रेम केलेलं लायसन. ते लायसन मी वाचलं होतं, खरंच होतं, महापालिकेचं ट्रेड लायसन! म्हणजे तिथं दुकान चालवायची परवानगी, झेरॉक्सवाल्याकडं असतंय तसलंच. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडं वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते भिंतीवर नव्हतं. तिथले एजंट, ज्यांना सगळे "सर" म्हणायचे, मराठी गोड बोलायचे, आईला आक्का म्हणायचे, मुख्य ऑफिस कोल्हापूरला, ही बेळगावची ब्रँच असं सांगितलं. हे कोल्हापूरचं प्रकरण पुढं येतं.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी रजिस्ट्रेशन पाच हजार. मग १२० तासांचा टेफलचा, म्हणजे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवायचा ऑनलाइन कोर्स, अठ्ठावीस हजार, हा केल्याशिवाय शाळा घेत नाही म्हणून. कोर्स झाला, सर्टिफिकेट आलं, चार दिवसांत ऑफर लेटर. मग "वर्क परमिट डिपॉझिट" नव्वद हजार, ते सहा महिने नोकरी केल्यावर परत मिळणार म्हणे. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून ते भरले. प्रत्येक पैशाची पावती मिळाली, शिक्का-सहीसकट, त्यामुळं घरात सगळे निवांत. त्या पावतीवर काय लिहिलंय ते मात्र वाचा बाबांनो. माझ्या तिन्ही पावत्यांवर एकच ओळ आहे: "ट्रेनिंग व कन्सल्टन्सी फी". डिपॉझिटच्या पावतीवरसुद्धा. नोकरी, व्हिसा, थायलंड हे शब्दच कुठं नाहीत. आता ते काय म्हणतात, आम्ही कोर्स विकला, मॅडमनी केला, सर्टिफिकेट दिलं, विषय संपला. तो अठ्ठावीस हजाराचा कोर्स मला शिकवण्यासाठी नव्हता, त्यांना वाचवण्यासाठी होता.

व्हिसाचं विचारलं की एकच उत्तर. मॅडम, इंडियन लोकांना आता ६० दिवस व्हिसाच लागत नाही, टुरिस्ट म्हणून जायचं, तिथं शाळा व्हिसा कन्व्हर्ट करून देते, सगळे असंच जातात. यातलं निम्मं खरं आहे म्हणून तर ते खपतं. जुलै २०२४ पासून भारतीयांना थायलंडमध्ये ६० दिवस बिनव्हिसाची एन्ट्री मिळायला लागली हे खरं, पण ती फिरायला. शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतं. तिथं जाऊन व्हिसा बदलता येतच नाही असंही नाही, काही जणांचा होतो, पण त्यालासुद्धा शाळेचेच सगळे कागद लागतात. मग तेच कागद शाळा आधी का पाठवत नाही? बी व्हिसा इथूनच काढून का जायचं नाही? हा प्रश्न मी विचारला तेव्हा सर हसले आणि म्हणाले, मॅडम तुम्ही टीचर लोक फार प्रश्न विचारता. बिनपरमिटचं शिकवताना सापडलं तर ५ हजार ते ५० हजार बाहत दंड आणि वर देशाबाहेर काढतात. तो दंड मी भरणार, सर नाही.

फारच मागं लागल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला. "तुमचं परमिट ॲप्रूव्ह झालं, बघा." गरुडाचं चिन्ह, वर थाई अक्षरं, खाली माझं नाव इंग्रजीत, बारीक निळा शिक्का. आईनं तो कागद शेजारपाजारी दाखवला पण. मी फोनवर झूम करून बघत बसले होते, थाई काय वाचता येत नाही, पण आकडे कळत होते, आणि तारखेत साल होतं २५५७. थायलंडमध्ये सरकारी कागदावर बौद्ध साल घालतात, आपल्या सालात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२४ ला २५६७ पाहिजे. २५५७ म्हणजे २०१४. त्या साली मी हायस्कूलात होते आणि माझं परमिट मंजूर झालेलं! कुणाचा तरी दहा वर्षांपूर्वीचा कागद घेऊन नाव बदललं होतं, आणि बदलणाऱ्याला ते साल आहे हेच कळलं नव्हतं.

मग ऑफर लेटरवरचा नंबर सोडून दिला. त्या शाळेची वेबसाइट शोधली, शाळा खरी आहे हो, तिथला ऑफिसचा नंबर घेतला आणि फोन लावला. फिलिपिन्सच्या एक मॅडम बोलल्या, चांगल्या बोलल्या, म्हणाल्या आमच्याकडं अशी जागा नाही, आम्ही इंडियात कुणाला एजंट नेमलेलं नाही आणि असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. शाळेच्या ईमेलमध्ये आणि माझ्या ऑफर लेटरवरच्या ईमेलमध्ये एका डॅशचा फरक होता. शाळेचं नाव, लोगो, प्रिन्सिपॉलची सही सगळं वेबसाइटवरून उचललेलं.

पहिली काळजी पासपोर्टची, कारण तो आणि डिग्रीचं ओरिजिनल त्यांच्याकडं. "तिकीट बुकिंगला लागतं" म्हणून घेतलेलं, खरं तर तिकिटाला ओरिजिनल लागत नाही, फोटो पुरतो. मागायला गेले तर फाइल कोल्हापूरला आहे, पुढच्या आठवड्यात या. मग मामांना घेऊन गेले. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर, बोलायला फार कमी. खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, "पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो साहेब, तिचा पण नाही आणि तुमचा तर नाहीच. फाइल येईपर्यंत बसतो की मी, मला काय काम नाही." खरंच आहे ते, पासपोर्ट कायद्यातच लिहिलंय. अर्ध्या तासात फाइल कोल्हापूरहून शेजारच्या खोलीत आली. पैशाचं विचारल्यावर मात्र पावती दाखवा, ट्रेनिंग झालंय की नाही सांगा, हेच चालू.

तक्रार द्यायला गेल्यावर कळलं की कोल्हापूरचं ऑफिस कशाला काढलंय. पैसे गेले कोल्हापूरच्या खात्यात, म्हणून इथं म्हणायले तिकडं जा. तिकडं गेल्यावर म्हणाले व्यवहार बेळगावात झालाय, तिकडंच द्या. एकीकडं अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा, दुसरीकडं कन्नडमधली कागदपत्रं मराठी करून आणा. सीमाभागातल्या माणसाला दोन राज्यांत फुटबॉल व्हायची सवयच आहे, आणि या लोकांनी धंदा त्याच सवयीवर बसवलाय. शेवटी ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठं का घडला असेना, दखलपात्र असेल तर कुठल्याही पोलीस स्टेशननं माहिती नोंदवून घ्यायची, झिरो एफआयआर म्हणतात ते. कलम अर्जात लिहून नेल्यावर तोच अर्ज त्याच टेबलावर घेतला गेला. ऑनलाइन पैसे पाठवलेत आणि फसल्याचं लगेच लक्षात आलं तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. माझा तो वेळ निघून गेला होता.

लोक विचारतात, एवढी शिकलेली असून कशी फसलीस. अरे, शिकलेल्यांसाठीच बनवलेलं आहे हे सगळं. न शिकलेल्याला टेफल सर्टिफिकेट कोण विकणार?

आता कुणाच्या घरात अशी बोलणी चालू असतील तर एजंटचं नाव ईमायग्रेटच्या सरकारी साइटवर टाकून बघा, रजिस्टर एजंटांची यादी आहे तिथं. रजिस्टर असला तरी त्याला सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, डिपॉझिटबिपॉझिट काही नाही. थायलंडचं असेल तर शाळेनं तिथल्या सरकारी खात्यात तुमच्या परमिटसाठी अर्ज केल्याचा कागद मागा, बी व्हिसासाठी तो शाळेकडूनच येतो, एजंटकडून नाही. आपल्यासारख्या नॉन-नेटिव्ह लोकांकडनं टोईकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअरसुद्धा मागतात, एजंटनं तो विषयच काढला नाही तर समजून घ्या. व्हिसाची फी स्वतः भरा, आता थायलंडचा व्हिसा ऑनलाइनच असतो. डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का, करून देतो म्हणून हजारो रुपये घेतात, परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे, बाकी बरंचसं मधल्यांचं.

आणि पैसे गेले एवढ्यावर माझं निभावलं हेही सांगते. थायलंडमध्ये नोकरी म्हणून टुरिस्ट एन्ट्रीवर नेऊन, तिथून गाडीत घालून म्यानमारमध्ये म्यावाडीच्या बाजूला सायबर फ्रॉडच्या अड्ड्यांवर बसवलेल्या भारतीय पोरांना मार्च २०२५ मध्ये सरकारनं हवाईदलाच्या विमानानं परत आणलं, ५०० च्या वर होते. त्यांनाही "तिथं गेल्यावर सगळं होतं" असंच कुणीतरी सांगितलं असणार. बँकॉकला उतरल्यावर न्यायला कोण येणार हे मी सरांना विचारलं होतं, त्यांनी एका माणसाचा नंबर दिलेला, नाव नाही, नुसता नंबर. तो मी पोलिसांकडं दिलाय.

ग्राहक आयोगात पण अर्ज टाकलाय, तिथं पावतीवर काय लिहिलंय एवढंच बघत नाहीत, व्हॉट्सॲपवरचं बोलणंही दाखवता येतं असं वकील म्हणाले. म्हणून ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करू नका. चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा, व्हॉइस मेसेज वेगळे सेव्ह करा, आणि पुढच्या वेळी सर फोनवर गोड बोलायला लागले की "सर जरा मेसेज करून सांगा की" म्हणा.