झुनी पेंडंट घेतलं, सहा महिने वापरून सांगतेय

अल्बुकर्कीला राहायला आल्यापासून मनात होतं, शेवटी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या झुनी पुएब्लोलाच (झुनी या नेटिव्ह अमेरिकन म्हणजे मूळनिवासी जमातीचं गाव) जाऊन आले, गॅलप शहरापासून दक्षिणेला तासाभराच्या आत पोचतो. सनफेसचं, म्हणजे सूर्याच्या चेहऱ्याचं, चांदीचं पेंडंट घेतलं, रुपयापेक्षा थोडं मोठं. चेहरा शिंपल्याचा, बाजूने फिरोजा, लाल पोवळं आणि जेट नावाचा काळाभोर खडा, आणि प्रत्येक खड्याच्या मधे चांदीची केसाएवढी पट्टी, याला चॅनल इनले म्हणतात. वरून बोट फिरवलं ना तर खडा कुठे संपला नि चांदी कुठे सुरू झाली कळतच नाही, इतकं सपाट घासलंय! आपल्याकडे कुंदन बघितलेलं असतं पण हे वेगळंच, इथे प्रत्येक तुकडा त्या खाचेच्या मापाने कापून घासून बसवतात, मग सगळं एकत्र पॉलिश.

त्याआधी हायवेवरच्या एका दुकानात मी फसलेय, फिरोजा म्हणून रंगवलेला दगड गळ्यात मारला, घामाने रंग उतरला, खूप वाईट वाटलं. म्हणून सांगते, मागे कारागिराची खूण बघा, कोणी बनवलंय ते बिलावर लिहून घ्या. बाहेरचा माल नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकणं 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे विचारायला लाजू नका.

किंमत जास्त वाटेल, पण हातचं काम आहे, मी घासाघीस केली नाही. फक्त परफ्यूम लावून झाल्यावर घाला आणि चांदी चमकवायच्या लिक्विडमध्ये अजिबात बुडवू नका, फिरोजा खराब होतो, मऊ कापडाने पुसलं की झालं.