फरशी आधी बघा: नागपूर भागासाठी जनावरांची ॲल्युमिनियम ट्रॉली

आमचं मत आधीच सांगतो. पूर्ण ॲल्युमिनियमची ट्रॉली घेऊ नका. खालची चासी जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडाची आणि वरची फरशी, बाजू, दारं ॲल्युमिनियमची, अशी मिश्र बांधणी घ्या. महिन्यातून एखादी बैलजोडी न्यायची असेल तर तीही नको, रंगवलेली लोखंडी ट्रॉली पुरते. पण डेअरीसाठी आठवड्याला दोन-तीन खेपा होत असतील तर शेण-मुतात लोखंडी फरशी कडेने कुजायला लागते, आणि तिथे ॲल्युमिनियमचे पैसे वसूल होतात.

विक्रेता सगळ्यात आधी वजनाचं सांगेल. ते खरं आहे, पण जेवढं सांगतात तेवढं नाही. १५ फूट लांब आणि ६ फूट रुंद फरशी म्हणजे ८.३६ चौरस मीटर. त्यावर ४ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा टाकला तर नुसत्या पत्र्याचं वजन २६२ किलो भरतं, त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचं ९० किलो. म्हणजे फरशीतच १७२ किलो वाचले, एका वाढत्या वगारीइतके. पूर्ण ट्रॉली मात्र अशी एक तृतीयांश वजनाची होत नाही. धुरा, पाटे, चाकं, हुक सगळं लोखंडीच राहतं. शिवाय ॲल्युमिनियमची ताठरता लोखंडाच्या एक तृतीयांश, त्यामुळे तोच भार पेलायला पट्टी जास्त उंचीची आणि जाड घ्यावी लागते. म्हणून तोंडी वजनावर विश्वास ठेवू नका. रिकामी ट्रॉली काट्यावर चढवा आणि पावती घ्या. भाराचा सगळा हिशोब त्या आकड्यावर करायचा आहे.

चासी लोखंडाचीच का, याला दोन कारणं आहेत. लोखंडाला एका मर्यादेखालचा ताण लाखो वेळा बसला तरी ते तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक हिसका त्याच्या खात्यात जमा होतो, आणि आपल्याकडे पांदण रस्ते आणि गावाच्या तोंडावरचे गतिरोधक हिसक्यांची कमतरता पडू देत नाहीत. दुसरं कारण वेल्डिंगचं. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ॲल्युमिनियम पट्टी चांगली, पण वेल्ड केली की सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात तिची ताकद जवळपास निम्मी होते. तडा तिथूनच सुरू होतो: ओढदांडा चासीला मिळतो तो कोपरा, चाकाच्या कमानीची टोकं आणि मागच्या दाराच्या बिजागरीचा खांब. लोखंडी चासी तडकली तर तालुक्याचा कुठलाही वेल्डिंगवाला तासाभरात जोडून देतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्या वर टिकतो. साध्या आर्क रॉडने तिथे नीट सांधा बसत नाही, आर्गन वायूवर चालणारं वेल्डिंग मशीन आणि सराव असलेला हात लागतो. हिंगणा एमआयडीसीत तो मिळेल, रात्री नऊला रस्त्यात मिळणार नाही.

आता फरशी. ट्रॉलीची परीक्षा इथेच होते, म्हणून वेळही इथेच घालवा. खाली वाका आणि आडव्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजा. ३० सेंटिमीटर हवं. खर्च वाचवायला ४५ किंवा ६० सेंटिमीटरवर पट्ट्या टाकतात. नवी असताना फरक कळत नाही. पण म्हैस घसरून सावरते तेव्हा निम्मं अंग एका खुरावर येतं, २५० किलो तळहाताएवढ्या जागेवर. दोन पट्ट्यांच्या मधला पत्रा हळूहळू टोपलीसारखा खोल होतो, तिथे मूत साचतं आणि पत्रा कुजायला तिथूनच लागतो. तपासायची रीत सोपी आहे. सपाट जागी ट्रॉली उभी करून फरशीवर एक बादली पाणी ओता. पाणी मागच्या कडेकडे वाहून भोकांतून निघून गेलं पाहिजे. १५ फुटांत ४-५ सेंटिमीटर उतार आणि मागच्या कडेला २५ मिलिमीटरची भोकं असली की काम होतं. कुठे डबकं राहिलं तर ती जागा खडूने आखा आणि बांधणाऱ्याला दाखवा.

पत्रा कुठल्या मिश्रधातूचा आहे हे बिलावर लिहून घ्या. फरशीला ५०८३ किंवा ५०५२ चांगले, ओलाव्याला टिकतात. मालाची टंचाई नाही, मौद्याला तर ॲल्युमिनियमचे पत्रे लाटणारा हिंडाल्कोचा कारखानाच आहे. खिडकी-दाराच्या ६०६३ पट्ट्या मात्र खांब आणि कप्प्यांना वापरू देऊ नका. त्या मऊ असतात, बैलाने अंग टाकलं की वाकतात.

नुसता चेकर (उठावदार नक्षीचा) पत्रा ओला झाला की खूर घसरतो. रबरी मॅट लागतेच. इथे एक हिशोब हमखास राहून जातो: १७ मिलिमीटरची मॅट पूर्ण फरशीला टाकली तर तिचंच वजन १७० किलोच्या आसपास जातं, म्हणजे ॲल्युमिनियमने वाचवलं तेवढं. लोखंडी ट्रॉलीलाही मॅट लागतेच, तेव्हा फायदा बुडत नाही, पण भार मोजताना मॅट धरा. आम्ही १२ मिलिमीटरची, तुकड्यांत निघणारी मॅट सुचवू. अखंड चिकटवलेली मॅट घेऊ नका. तिच्याखाली मूत मुरतं आणि वरून काहीच दिसत नाही. दर आठवड्याला मॅट उचला. खाली पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर पत्रा खायला लागलाय असं समजा.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो, कारण चांगल्या ट्रॉल्या इथेच खराब होतात. गोठ्यात चुना टाकायची सवय आहे, तीच ट्रॉलीत जाते. चुना ॲल्युमिनियम खातो. कॉस्टिक सोडा तर फारच वेगाने. लाळ्या-खुरकुताच्या साथीत ४ टक्के धुण्याच्या सोड्याचं पाणी मारतात, त्यानेही पत्रा काळा पडतो. मारावंच लागलं तर दहा मिनिटांत भरपूर साध्या पाण्याने धुवून काढा, किंवा डॉक्टरांना विचारून ०.२ टक्के सायट्रिक ॲसिड वापरा. रोजच्यासाठी पाण्याचा जोर आणि काथ्याचा ब्रश पुरतो.

लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलसर राहून एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं. जस्त या बाबतीत ॲल्युमिनियमच्या जवळचं आहे, म्हणूनच चासी रंगवलेली नको, गॅल्व्हनाइज्ड हवी. तरीही मध्ये ३ मिलिमीटर रबराची पट्टी, ३०४ स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर हवेतच. वॉशर काढून दाखवा म्हणा, संकोच करू नका.

मापाचा प्रश्न कायद्यापासून सुटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई हा नियम २०१६पासून लागू आहे. त्याप्रमाणे गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा हवा, आणि गाय किंवा म्हैस असेल तर तो किमान २ चौरस मीटरचा. मोटार वाहन कायद्यातल्या वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्याखेरीज जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांप्रमाणे एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं चालत नाहीत आणि तोंड शक्यतो इंजिनाकडे हवं. आता १२ बाय ६ फुटांची ट्रॉली घ्या. क्षेत्रफळ ६.६९ चौरस मीटर, भागिले २, म्हणजे तीन जनावरं, असं विक्रेता सांगतो. पण तोंड पुढे करून दोन जनावरं शेजारी उभी केली तर प्रत्येकाला ९१ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि २ चौरस मीटर भरायला २.१९ मीटर लांबी लागते. ३.६६ मीटर लांबीत अशी एकच रांग बसते. म्हणजे दोनच जनावरं. १५ बाय ६ मध्ये दोन रांगा बसतात. मधल्या कठड्यांची ५-५ सेंटिमीटर जाडी वजा केली तरी कप्पा २.०१ चौरस मीटर भरतो, जेमतेम, पण भरतो. म्हणून हे माप आतून मोजा. बाहेरून १५ फूट असलेली ट्रॉली चार जनावरांसाठी नियमात बसणार नाही. चार म्हशी दोन टनांच्या घरात जातात, ट्रॉली धरून तीनच्या आसपास. हे ट्रॅक्टरचं काम आहे. पिकअपला जोडणार असाल तर आधी कंपनीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता बघा आणि आरटीओकडून ट्रेलरची नोंद समजून घ्या.

बाजूंच्या पट्ट्या ठरवताना जनावर डोळ्यांसमोर ठेवा. गवळाऊ गाईला काही विशेष लागत नाही. नागपुरी म्हशीची शिंगं मात्र लांब, चपटी, तलवारीसारखी खांद्यापर्यंत मागे गेलेली असतात. पट्ट्यांमध्ये १५-२० सेंटिमीटर फट असेल तर मान वळवताना शिंग आत शिरतं आणि निघत नाही. मग म्हैस बिथरते आणि शिंग मुळापासून दुखावतं. खालचे ९० सेंटिमीटर अखंड पत्रा, म्हणजे वासराचा पाय बाहेर जात नाही. त्याच्या वर ८ ते १० सेंटिमीटर फटी. कडा वळवून गोल केलेल्या असाव्यात, हात फिरवून बघा.

चढ-उताराच्या फळीचा कोन २० अंशांपेक्षा जास्त नको. फरशी जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असेल तर फळी १.६ मीटर पुरते. नेहमीच्या ट्रॉलीसारखी ९५ सेंटिमीटरवर असेल तर २.८ मीटर लागते आणि ती उचलायला दोन माणसं. खाली बसवलेला धुरा घेऊन फरशी कमी उंचीवर आणणं हा यातला सगळ्यात शहाणा खर्च आहे. फळीवर दर २५ सेंटिमीटरला आडवी पट्टी हवी. दाराच्या चौकटीला रबर लावा. ॲल्युमिनियम खणखणतं, आणि त्या आवाजाला जनावर फळीवरच अडतं. आतला चकचकीत पत्रा उन्हात डोळ्यांवर मारतो, त्यापायीही अडतं. आतून खांद्याच्या उंचीपर्यंत फिका, न चमकणारा रंग द्या.

छताचं इथे वेगळं सांगावं लागतं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चकचकीत ॲल्युमिनियम ऊन परतवतं हे खरं, पण घेतलेली उष्णता ते बाहेर सोडत नाही, म्हणून उघडं छत पांढऱ्या रंगवलेल्या छतापेक्षा जास्त तापतं. बाहेरून पांढरा रंग, आतून २५ मिलिमीटर इन्सुलेशन आणि छताखाली चारही बाजूंनी १५ ते २० सेंटिमीटर मोकळी फट, एवढं असल्याशिवाय उन्हाळ्यात खेप करू नये. असलं तरी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळीच.

ब्रेक दोन्ही धुऱ्यांना हवेत, हुकाजवळ सुरक्षेच्या साखळ्या दोन, आणि ताबा घेताना चाकांचे नट तपासा. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळा.

ताब्यानंतर तीन महिन्यांनी रिव्हेट बघायला विसरू नका. ओल्या फडक्याने बाजू पुसा, वाळू द्या, दोन खेपा करा आणि परत बघा. एखाद्या रिव्हेटच्या डोक्यामागे शाई ओघळल्यासारखा काळा डाग उमटला असेल, तर तो मळ नाही. रिव्हेट सैल होऊन पत्र्यावर घासतंय, त्याची ती भुकटी आहे. एक-दोन असतील तर ड्रिलने काढून एक माप मोठं रिव्हेट बसवा. एकाच खांबावर ओळीने चार-पाच दिसले तर तो खांब हलतोय. तेव्हा लाल डाय (तड्यात मुरून तो दाखवणारा रंग) मारून त्याच्या मुळाशी तडा शोधा. तडा सापडला तर त्याच्या टोकाला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मागून जाड पट्टी लावून घेईपर्यंत त्या कप्प्यात जनावर चढवू नका.