पेशी जिवंत मोजायच्या की थांबवून? पुण्यात सामायिक सुविधा निवडताना

पेशींच्या चयापचयावर काम करायचं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज आणि एक साधा मायक्रोस्कोप, ही पुण्यातल्या कित्येक पीएचडीच्या विद्यार्थ्यांची स्थिती. तरी हे शहर त्यांच्यासाठी चांगलं आहे. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), तिच्या शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, आणि एनसीएलच्या इनोव्हेशन पार्कमध्ये नवउद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर, हे सगळं काही किलोमीटरच्या टप्प्यात आहे. बाहेरच्यांनाही पैसे भरून यंत्रं वापरता येतात अशी सामायिक सुविधा शोधताना पहिला प्रश्न विचारला जातो तो दराचा. माझ्या मते तो दुसरा. आधी ठरवायचं ते हे की पेशी जिवंत असताना मोजायच्या, की एका क्षणी त्यांचं चयापचय थांबवून.

जिवंत मोजणीसाठी सीहॉर्स हे यंत्र सर्वांच्या ओळखीचं. पेशी किती वेगाने ऑक्सिजन वापरतात आणि भोवतालचं माध्यम किती आम्लधर्मी करतात, हे ते एकाच वेळी दाखवतं. ऑलिगोमायसिन, एफसीसीपी आणि शेवटी रोटेनोन-अँटिमायसिन अशा क्रमाने श्वसनात ढवळाढवळ करणारी औषधं सोडली की मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची) एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूसाठीची मेहनत आणि हाताशी राखलेली क्षमता वेगवेगळी कळते. उत्तर त्याच दिवशी मिळतं. पण पेशी त्याच्या खास प्लेटमध्ये साधारणपणे आदल्या दिवशी पेराव्या लागतात, सेन्सरचं झाकण रात्रभर भिजवावं लागतं, आणि मोजणीआधी सुमारे तासभर कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट ठेवावी लागते. भरलेली प्लेट मांडीवर घेऊन संध्याकाळच्या गर्दीत विद्यापीठ चौक ओलांडायचा, हा बेत मनातून काढून टाका. थंडावलेल्या, हिंदकळलेल्या पेशींचा श्वसनदर त्या प्रवासाबद्दलच सांगेल. म्हणून इथे यंत्रापेक्षा त्याच्या शेजारची खोली महत्त्वाची: बाहेरच्या विद्यार्थ्याला दोन दिवस तिथेच पेशी वाढवू (कल्चर करू) देतात का? देत असतील तर थोडा जास्त दरही परवडतो.

थांबवलेल्या नमुन्याचा हिशेब अगदी उलटा. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने शेकडो रेणू एकदम पाहता येतात, आणि कार्बन-१३ (जरा जड कार्बन) लावलेलं ग्लुकोज दिलं तर कार्बन कुठल्या वाटेने गेला तेही उमगतं. सायट्रेट या रेणूत दोन जड कार्बन दिसले तर ग्लुकोजपासून बनलेलं पायरुवेट बहुधा डिहायड्रोजनेज या विकरामार्गे ऊर्जाचक्रात शिरलं, तीन दिसले तर कार्बोक्झिलेज या दुसऱ्या विकराची वाट संभवते. सीहॉर्स हे कधीच सांगणार नाही. मात्र एटीपीसारखे रेणू काही सेकंदांत बदलतात. पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन लावून, सेंट्रिफ्यूज फिरवून मग नमुना गोठवला तर मोजलं जातं ते त्या हाताळणीचं चयापचय. माध्यम झटकन काढून ड्राय आइसवर गार केलेलं ८० टक्के मिथेनॉल थेट पेशींवर ओतायचं, हे आपल्याच टेबलावर करायचं काम. एकदा ते नीट झालं की नमुना ड्राय आइसमध्ये पाषाणलाच काय, बंगळुरूलाही जाऊ शकतो. त्यामुळे इथे अंतर गौण. तिथला माणूस आकडेवारी समजावून देतो का, की नुसती कच्ची फाइल पाठवतो, यावर निवड करा. मी तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला समजावणाऱ्याकडेच पाठवेन, थोडं थांबावं लागलं तरी.

एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखण्याची पद्धत) नमुना नष्ट करत नाही आणि प्रमाण चोख देतं, पण त्याला पेशी भरपूर लागतात. एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणारी फ्लो सायटोमेट्री सगळ्यात सहज मिळते. टीएमआरएमसारख्या रंगाने मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावरचा विद्युतदाब पेशीगणिक दिसतो, तेवढ्यावर पूर्ण चयापचयाचा निष्कर्ष काढू नये.

संशोधन संस्थांमधल्या सुविधांत आपल्याच विषयातली माणसं भेटतात, पण बाहेरच्यांचा क्रम आतल्यांनंतर लागू शकतो. सेवा म्हणून चालणाऱ्या केंद्रात दर, मुदत आणि अहवाल आधी ठरतात. प्रयोगाच्या आखणीची चर्चा मात्र आपण मागून घ्यावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे ते शोधता येतं. तिथे यंत्राचं नाव दिसलं तरी ते चालू आहे का, हे फोन करून विचारा. दर विचारताना जीएसटी, प्लेट आणि रसायनं धरून आहे का, तेही विचारा. सीहॉर्सची प्लेट एकदाच वापरायची असते आणि खर्चाचा मोठा वाटा तिचाच.

कुठेही जा, मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची) तपासणी आधी करून घ्या. आपल्या पेशी आत घेण्यापूर्वी ती मागणारी सुविधा कटकटी वाटते, पण ती आपल्याच निकालांची राखण करते: मायकोप्लाझ्माच्या काही जाती माध्यमातलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतात, आणि तो बदल आपल्या पेशींचा समजून बसण्याचा धोका असतो.

प्रश्न 'मायटोकॉन्ड्रिया मंदावल्या का' एवढाच असेल, तर कल्चरची जागा देणारी सुविधा गाठा आणि सीहॉर्सने सुरुवात करा. 'कार्बन कुठे गेला' असा असेल, तर आधी चार प्लेट आपल्याच टेबलावर थांबवून मोजून घ्या. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले, तरच महागडं कार्बन-१३ ग्लुकोज मागवा.