गव्हाणी घुबडाचं वजन: किचनचा डिजिटल काटा कितपत चालतो?

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात तीन-चारशे रुपयांत मिळणारा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पेन्सिल सेलवर चालणारा साधा काटा. घुबडाला पकडून, कापडात गुंडाळून वजन करणं थांबवायचं आणि त्याला स्वतःहून काट्यावर यायला शिकवायचं असेल तर याहून महाग काही लागत नाही. (हे परवानगी असलेल्या उपचार केंद्रांतल्या, परत सोडता न येणाऱ्या पक्ष्यांसाठी. घरी घुबड ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. जखमी घुबड सापडलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.)

दुकानातच बटण दाबून बघा. बीप करणारा काटा परत द्या. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, मिट्ट काळोखात नुसत्या सळसळीवरून ते उंदराची जागा हेरतं. पायाखालून एकदा अचानक बीप वाजला की ते पुढे कित्येक दिवस काट्याकडे फिरकत नाही. म्हणून बटण पक्षी यायच्या आधीच दाबून ठेवायचं. इथे या काट्याचा मोठा दोष आडवा येतो: दोनेक मिनिटं हालचाल नसली की तो आपोआप बंद होतो. घुबड बसलेलं असताना चालू केला तर त्याच्यासकट शून्य धरतो. घाबरू नका, बसू द्या. ते उडालं की पडद्यावर उणे ४१२ असा आकडा येईल, तेच त्याचं वजन.

काट्याची तबकडी गुळगुळीत, त्यावर थेट बसवू नये. १५ सेंटीमीटर चौकोनी प्लायवर टी-आकाराचा पर्च (पक्ष्याला बसायची दांडी) बसवा, उंची १५ सेंटीमीटरच्या आत, आडवी दांडी साधारण ३ सेंटीमीटर जाडीची. दांडीला कृत्रिम हिरवळ गुंडाळा. कडक, एकसारख्या गुळगुळीत दांडीवर रोज बसून तळव्याला जखमा होतात आणि त्या चिघळतात. काटा वजनाला हलका असल्यामुळे पक्षी कडेने उतरला की सगळंच कलंडतं, तेव्हा तो शहाबादी लादीवर दुहेरी टेपने चिकटवा. पर्च डगमगला तर सगळी मेहनत वाया.

सुरुवातीचे तीन-चार दिवस काटा बंद ठेवून पिंजऱ्यात नुसता असू द्या, खाणं मीटरभर लांब. मग रोज वीतभर जवळ. पर्चवर पाय ठेवला की लगेच चिमट्याने उंदराचा ३-४ ग्रॅमचा तुकडा. घुबडाला अगदी जवळचं नीट दिसत नाही, तुकडा चोचीभोवतीच्या राठ पिसांना हलकेच लागला की ते घेतं. पाच-सहा तुकडे, पाच मिनिटं, बस्स. आलं नाही तर खाणं नेहमीच्या जागी ठेवायचंच. उपाशी ठेवून बोलावलेलं घुबड स्वतःहून आलं असं म्हणता येत नाही. अंग बारीक करून, डोळे किलकिले करून निश्चल बसलं तर ते भ्यालेलं आहे. लोक त्यालाच ‘शांत’ समजतात, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं. तेव्हा मागे सरा.

वजन रोज एकाच वेळी, खाण्याआधी आणि त्याने न पचलेल्या हाडं-केसांची गोळी तोंडावाटे टाकून झाल्यावर घ्या. घुबडाला अन्नपिशवी (खाणं साठवायची गळ्यातली पिशवी) नसते, पण पोटातली ही गोळी पडेपर्यंत त्याला खाण्यात फारसा रस नसतो आणि आकडाही फुगलेला येतो.

पावसाळ्यात येऊरच्या बाजूला दमट हवेने हिरवळ ओली राहते, पर्चचं वजन रोज बदलतं, म्हणून शून्य रोज नव्याने करा. काट्यावर प्लास्टिकची पिशवी घालू नका, ती चुरचुरते. स्वयंपाकघरातली पातळ चिकट फिल्म ताणून लावली की आवाज होत नाही.

पिंगळ्यासाठी मात्र हा काटा नको. त्याचं वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यात दोन ग्रॅमची चूकही महागात पडते. ०.१ ग्रॅमचा काटा आणि दोन सेंटीमीटरची दांडी घ्या.