कॉल साइन खरा, माणूस खोटा

डोंगरमाथ्यावरून हौशी रेडिओ चालवणाऱ्याला पाठीवरच्या वजनाचा हिशेब ग्रॅममध्ये करावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २००२ रोजी सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमाच्या नियमांनुसार सगळे साहित्य स्वतः वाहून न्यावे लागते, गाडीत बसून केलेले प्रसारण चालत नाही आणि गुण हवे असतील तर किमान चार स्थानकांशी संपर्क व्हावा लागतो. ठाण्यातल्या माझ्या घरचा टेबलावरचा संच, त्याच्या जड बॅटरीसकट, माहुलीच्या चढणीवर नेणे पन्नाशीनंतर मला झेपेना. म्हणून मी एफटी-८१८ हा छोटा रेडिओ संच, कुणीतरी वापरलेला, शोधत होतो. वजन किलोभर, ताकद जास्तीत जास्त ६ वॅट. पण त्याचे उत्पादन बंद झाल्यामुळे जुना मिळेल तोच घ्यावा लागतो.

एका परिचिताने पुढे पाठवलेल्या निरोपातून विक्रेत्याचा क्रमांक मिळाला. त्याने आपला कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारे रेडिओवरचे ओळखचिन्ह, सांगितला, तो मी परवानाधारकांच्या यादीत पडताळला, नाव आणि शहर दोन्ही जुळले. किंमत ३२,००० रुपये. मग त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितले की परवाना नसलेल्या व्यक्तीला तो संच विकत नाही, त्यामुळे मी आधी माझ्या परवान्याची प्रत पाठवावी. या एका वाक्याने माझा विश्वास बसला, कारण नियमाने वागणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, नेमके हेच म्हणेल. मी परवाना पाठवला. त्याने मागितले नसताना आधार कार्डही जोडले.

त्याने पाठवलेली चाळीस सेकंदांची चित्रफीत मी तेव्हा तीन वेळा पाहिली होती. पडद्यावर ७.१५० मेगाहर्ट्झ दिसत होते आणि स्पीकरमधून कुणाचे तरी घोगरे, अजिबात न कळणारे बोलणे येत होते. ते का कळत नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. आकड्याशेजारी ‘यूएसबी’, म्हणजे अप्पर साइडबँड, अशी अक्षरे होती. आणि चाळीस मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बोलण्यासाठी आपण सगळे त्याच्या उलट लोअर साइडबँड वापरतो, हे तर परवान्याच्या परीक्षेला बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. हॅमच्या हातातला संच अशा अवस्थेत राहिला नसता, एक बटण दाबून त्याने तो आवाज ताबडतोब सरळ केला असता. मी मात्र संचाच्या कडेला ओरखडे आहेत का, हे पाहण्यात गुंग होतो.

पैसे पाठवताना यूपीआयवर भलतेच नाव उमटले. विचारल्यावर ‘मेहुण्याच्या दुकानाचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले आणि मी आधी १०,००० व दुसऱ्या दिवशी उरलेले २२,००० रुपये पाठवले. मग पार्सलऐवजी मागणी आली: संचाची नोंद माझ्या नावावर करण्यासाठी वायरलेस कार्यालयात ४,८०० रुपये भरावे लागतील, तेही त्याच खात्यात. इथे मात्र मी थबकलो. वीस वर्षांच्या परवान्याचे शुल्कच मी १,००० रुपये भरले होते, तेही सरकारी संकेतस्थळावर. नुसत्या नोंदीला ४,८०० कशाला? नकार दिला त्याच संध्याकाळी त्याचा फोन बंद झाला. तरीही ‘रेंज नसेल’ अशी स्वतःची समजूत घालत मी सहा दिवस घालवले आणि मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. तोवर रक्कम त्या खात्यातून पुढे गेली होती. हे सहा दिवस मला पैशांपेक्षा जास्त टोचतात.

त्या कॉल साइनचे खरे धारक महिन्याभराने मला चाळीस मीटरवरच भेटले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांच्याकडे एफटी-८१८ कधीच नव्हता. वर्षभरापूर्वी मात्र त्यांनी एक अँटेना ट्यूनर विकत घेण्यासाठी कुणाला तरी आपल्या परवान्याची प्रत पाठवली होती. विक्रेता म्हणाला होता, परवाना नसलेल्यांना मी देत नाही. ‘तुम्ही मला हवेत, म्हणजे रेडिओवर, एक हाक मारली असती,’ ते म्हणाले, ‘तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी रोज सकाळी इथेच असतो.’ माझा टेबलावरचा संच तेव्हा चालूच होता. विक्रेत्याला ‘उद्या सकाळी सातला हवेत भेटू’ एवढे म्हणायचे मला सुचले नव्हते.

गेल्या रविवारी सकाळी नाशिकच्या एका तरुणाने मला माझ्या कॉल साइनने हाक मारली. सिग्नल स्वच्छ होता. रिपोर्टची देवाणघेवाण झाल्यावर त्याने जरा संकोचाने विचारले, ‘काका, तुमचा तो एफटी-८१८ अजून विकायचा आहे ना? पैसे पाठवण्याआधी म्हटलं एकदा आवाज ऐकावा.’