लव्हाळा-हरळीच्या तणासाठी प्लास्टिक अंथरावं की नांगरट करावी?

लव्हाळा उपटला की हातात नुसती पात येते, गाठ खालीच राहते. खुरप्याने उकरून बघा: गाठीला तारेसारखी मुळी, तिच्या टोकाला दुसरी गाठ, पुढे तिसरी. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, काही त्याहून खोल. मेहनत आणि पैसा कुठे घालायचा, हे या खोलीवरून ठरवा.

माती तापवायची तर एप्रिल-मेमध्ये वाफे भुसभुशीत करून भरपूर पाणी द्यायचं, 25 ते 50 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून ताणायचं, कडा चरात गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. ओल हवीच, तिच्यामुळे उष्णता खाली उतरते. कडक उन्हात वरच्या दोन इंचांत तापमान 50 अंशांच्या आसपास जातं. बरंचसं तणाचं बी मरतं, हरळीच्या वरवरच्या काश्या, म्हणजे मातीत पसरणारी खोडं, शिजतात. वीतभर खाली मात्र माती नुसती कोमट होते आणि त्या उबेने लव्हाळ्याच्या झोपलेल्या गाठी उलट फुटतात. काळं प्लास्टिक वापरू नका. माती कमी तापते आणि लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब ते भोसकून वर येतो. पारदर्शकाखाली उजेड मिळाल्याने पात बरेचदा आतच उलगडते आणि भाजते.

नांगरटीचं तंत्र याच्या उलट, वाळवण्याचं. पलटी नांगराने वर आलेली गाठ कडक उन्हात दोनेक आठवड्यांत मरते, ढेकळात दडलेली वाचते. म्हणून पुढे कुळवाची पाळी आणि काश्यांची वेचणी हवीच. हरळीच्या रानात आधी रोटाव्हेटर घालू नका. एका काशीचे दहा तुकडे होतात, डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. हे नुकसान पुढची कित्येक वर्षं निस्तरावं लागतं.

ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने 2022 मध्ये निर्बंध आणले. शिवाय ते हिरव्या पातीतून खाली उतरतं. म्हणून पात न फुटलेल्या गाठी सुटतात.

रोपवाटिका, परसबाग, पॉलिहाऊस असेल तर मी प्लास्टिकच सांगेन, त्याने मातीतल्या काही रोगांचाही बंदोबस्त होतो. एकरभर काळ्या रानात तो खर्च परवडत नाही, फाटलेले तुकडे वेचताना जीव जातो, तिथे नांगरटच. काहीही केलंत तरी पहिल्या पावसावर उगवलेला लव्हाळा तीन आठवड्यांच्या आत खुरपा, त्यानंतर तो नव्या गाठी धरायला लागतो.