स्टॉक जॅझ आणि एक गाडीवेडी बाई

आधी निकाल सांगते, मग कारणं. दुसऱ्या पिढीची होंडा जॅझ ही मी चालवलेल्या छोट्या गाड्यांमधली सगळ्यात डोक्याने बनवलेली गाडी आहे. ज्यांना गाड्यांचं वेड आहे पण वेगाचं नाही, त्यांनी ती चालवावी, बोनेट उघडून बघावी, आणि मुख्य म्हणजे मागच्या सीटशी अर्धा तास खेळावं. माझी 1.2 पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली. सायलेन्सर मूळचा, स्प्रिंगा मूळच्या, चाकंही कंपनीने दिली तीच. स्टिकर एकही नाही. म्हणजे पूर्ण 'स्टॉक', कंपनीतून आली तशी.

हे आवर्जून सांगायचं कारण असं की गाडीवेडा माणूस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. विशीतला मुलगा, जमिनीला टेकलेली गाडी, कोपऱ्यावरून ऐकू येणारा एक्झॉस्ट आणि तोंडात शून्य ते शंभरचे आकडे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, नाटकांचे कपडे शिवते. मोठा आवाज मला सहन होत नाही. ट्रॅकवर जायची इच्छा कधी झाली नाही. पण गाडी वर उचलून तिच्या खाली काय कुठे बसवलंय हे बघायला मिळालं तर मी जेवण विसरते. माझ्या शिवणाच्या टेबलाच्या खणात एका बाजूला कात्र्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) आणि वंगणाची डबी. ही आवडही तितकीच खरी आहे. जॅझ मला या आवडीसाठीच बनवल्यासारखी वाटते, म्हणून हा अभिप्राय.

गाडीचा सगळा खेळ टाकीत आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. जॅझमध्ये ती पुढच्या दोन सीटच्या खाली, गाडीच्या साधारण मध्यावर बसवली आहे. 2001 साली जपानमध्ये ही गाडी 'फिट' नावाने आली तेव्हापासूनची ही मांडणी, आणि दुसऱ्या पिढीतही तीच. ही एक वस्तू हलवली आणि मागचा सगळा भाग मोकळा झाला. मागची जमीन खाली गेली. सीटचं बूड वर उचलून पाठीला लावता येतं, थिएटरातल्या खुर्चीसारखं. तसं केलं की पुढच्या सीटच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास सरळ उभी जागा मिळते. किंवा उलट करायचं, पाठ पुढे पाडायची. मग सीट नुसती दुमडत नाही, ती पायांच्या खोलगट जागेत उतरते आणि डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत एकसलग सपाट फळी तयार होते. तिसरा प्रकार, पुढची डावी सीट मागे लोळवायची आणि लांब वस्तू डॅशबोर्डापासून डिकीपर्यंत घालायची.

माझ्या कामात शिवणाचे पुतळे न्यावे लागतात. धड आणि खाली लोखंडी दांडा. आडवे ठेवले की चढवलेल्या कपड्याची चूण मोडते, खांद्याची बसवलेली घडी बिघडते. दांडा खाली केला की पुतळा जॅझमध्ये उभा राहतो. सीटचं बूड वर, पुतळा खाली, दांड्याला एक पट्टा, झालं. नऊवारी नेसवलेला पुतळा तालमीच्या जागी जसाच्या तसा पोचतो. याहून दुप्पट मोठ्या गाड्यांत मी हे करून बघितलंय आणि तिथे ते जमत नाही, कारण लांबीरुंदी आहे पण उंची नाही. जॅझची लांबी सगळी मिळून 3.9 मीटर. चांगला बेतणारा शिंपी थोड्या कापडात पूर्ण अंगरखा काढतो, तशी ही गाडी बेतली आहे. वाया गेलेली चिंधी कुठे सापडत नाही.

एका गाड्यांच्या मेळाव्यात ती उभी केली होती. शेजारी एका तरुणाची टर्बोवाली हॅचबॅक होती, फार निगुतीने राखलेली. तो आला.

"काकू, ही तुमची?"

"हो."

"किती एचपी?"

"नव्वद."

"रीमॅप वगैरे? म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय?"

"काही नाही केलं रे. मागचं दार उघड, एक दाखवते."

मी सीटच्या बुडाखालची पट्टी ओढली आणि बूड वर केलं. त्याचा खालचा पाय आपोआप आत दुमडला. तो वाकला, मोकळ्या जमिनीवर हात फिरवला, मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या सीटखाली बघितलं. "मग टाकी कुठाय?" मी सांगितलं. तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे टाकी भरलेली असो की रिकामी, पुढच्या-मागच्या वजनात फारसा फरक पडत नाही." अगदी बरोबर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मलाही बरंच उशिरा सुचलं होतं, आणि त्याला तिथल्या तिथे सुचलं. मग आम्ही दोघं त्याच्या गाडीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, बघायला गेलो. अशा माणसांसाठी मी मेळाव्यांना जाते.

आता इंजिन. 1198 सीसी, चार सिलिंडर, 90 पीएस (जवळपास एचपीच) ताकद आणि 110 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पीळ. कागदावर हे आकडे कुणाला भुरळ घालणारे नाहीत. पण आतली व्यवस्था बघा. प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे आत घेणाऱ्या झडपा, आहेत, आणि कमी आरपीएमला त्यातला एक जेमतेम उघडतो. त्यामुळे हवा आणि पेट्रोल आत जाताना भोवरा घेऊन जातं आणि नीट जळतं. इंजिनाचा वेग वाढला की दोन्ही पूर्ण उघडू लागतात. पहिल्या पिढीच्या 1.3 मध्ये तर प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग होते, चार सिलिंडरना आठ. ताकद वाढवण्यापेक्षा थेंब वाचवण्यावर एवढं डोकं लावलेलं पाहून मला मनापासून आनंद होतो. रेसच्या इंजिनाइतकीच ही कारागिरी आहे.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट राखणारे भाग, मात्र हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे) नाहीत, स्क्रू आणि लॉकनटचे आहेत, म्हणजे हाताने लावावे लागतात. अनेकांना ही कटकट वाटते. माझ्यासाठी हा वर्षातला सणाचा दिवस असतो. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून सकाळी लवकर सुरू करायचं. इंजिन थोडं काचेच्या खालच्या पट्टीआड गेलेलं आहे, त्यामुळे हात घालायला जागा अडचणीची आहे आणि आधी बरंच काही सोडवून बाजूला ठेवावं लागतं. मग कव्हर काढायचं, पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणायचा, फीलर गेजची पाती फटीत सरकवायची. पाती सैल फिरली तर फट जास्त, अडकली तर कमी. बरोबर असेल तेव्हा पातीला एक हलकी ओढ लागते. ती ओढ वाचून कळत नाही. बोटांना कळावी लागते, आणि माझ्या बोटांना आयुष्यभर कापडाची जाडी ओळखायची सवय आहे. मग लॉकनट आवळायचा आणि पुन्हा एकदा पाती घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू किंचित फिरतो. सगळं लागल्यावर इंजिन सुरू केलं की त्याचा आवाज एकदम गोल होतो. मला गाडीचा आवाज आवडतो तो हा.

चालवायला कशी आहे? स्टेअरिंग इलेक्ट्रिक आणि हलकं आहे, गिअर लिव्हर आखूड आणि नेमका. क्लच इतका मऊ की तासन्‌तास वाहतुकीत पाय दुखत नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छोट्या त्रिकोणी खिडक्या आहेत, सगळीकडून भरपूर उजेड येतो. टाकीवर बसवलेली असल्यामुळे पुढची सीट जरा उंच आहे, त्यामुळे रस्ता लांबवर दिसतो. उंच माणसांना मात्र वाटेल की आपण गाडीत न बसता गाडीवर बसलोय.

पिकअप खालून कमी आहे, हे स्वच्छ सांगायला हवं. चार माणसं, सामान आणि चढ असेल तर गिअर खाली टाकायचा आणि इंजिन फिरू द्यायचं, ते फिरायला कुरकूर करत नाही. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा साधा आडवा दांडा) आहे आणि सस्पेन्शन कडक बाजूला झुकलेलं आहे, त्यामुळे मोकळ्या गाडीत खराब रस्त्यावर मागच्यांना हादरे जाणवतात. महामार्गावर टायरचा आवाज आत येतो. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक टणक आहे. ज्यांना चामड्याचा वास आणि दारांचा जड ठोका हवा, त्यांनी दुसरीकडे बघावं.

पण मंद गाडी चालवण्यात कौशल्य लागत नाही, हे मी मान्य करणार नाही. जॅकी स्ट्युअर्ट 1969, 1971 आणि 1973 असे तीन वेळा फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. ते शिकवताना बोनेटवर वाडग्यात एक चेंडू ठेवायचे आणि तो बाहेर न पडू देता गाडी चालवायला लावायचे. ब्रेक, स्टेअरिंग, ॲक्सिलरेटर, एकही हालचाल धसमुसळी नको. माझी कसोटी मागच्या पुतळ्याची आहे. गिअर बदलताना त्याच्या खांद्यावरचा पदर हलता कामा नये. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना किंचित ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडला आणि गाडीला काही कळलंच नाही, असं ज्या दिवशी प्रत्येक वेळी जमतं त्या दिवशी मी खुशीत घरी येते. नव्वद पीएसमध्ये हा सराव साध्या रस्त्यावर, नियमात राहून, रोज करता येतो. तीनशे पीएसची गाडी रस्त्यावर कधी पूर्ण वापरताच येत नाही.

जॅझला म्हाताऱ्यांची गाडी म्हणतात, हे मी अनेकदा ऐकलं आहे. बोलणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. पहिली फिट 2001–02 ची 'कार ऑफ द इयर जपान' ठरली, दुसरी 2007–08 ची. 2002 मध्ये तिने जपानमध्ये टोयोटा कोरोलाचा सलग 33 वर्षांचा पहिला नंबर काढून घेतला. आणि सगळे वेगप्रेमी ज्या छोट्या ब्रिटिश मिनीपुढे हात जोडतात, ती 1959 ची मिनी ॲलेक इसिगोनिस यांनी कशासाठी काढली होती? दहा फूट लांबीत चार माणसं आणि सामान मावावं म्हणून. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली, चाकं पार कोपऱ्यात, आणि जागेचा जवळजवळ 80 टक्के भाग माणसांना आणि सामानाला. त्याच गाडीने पुढे 1964, 1965 आणि 1967 मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. रॅलीचं कौतुक सगळे करतात, मला त्या 80 टक्क्यांचं कौतुक जास्त वाटतं. जॅझ त्याच घराण्यातली आहे. आणि रेसचंच प्रमाणपत्र हवं असेल तर अमेरिकेत छोट्या गाड्यांच्या बी-स्पेक वर्गात फिट शर्यतीतही धावते.

घ्यायची असेल तर काही गोष्टी बघा. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा आणि बोनेट उघडून टॅपेटची टकटक ऐका. टॅपेट शेवटचे कधी लावले हे विचारा. विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही तर तो खर्च धरून भाव बोला. मागच्या दोन्ही सीट वर करा, खाली पाडा, पाय नीट दुमडतात का आणि खटका घट्ट बसतो का ते पाहा, कारण या गाडीत तुम्ही मुख्यतः त्याचेच पैसे देता. डिकीतली फळी उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात ओल आहे का ते हाताने चाचपा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर ओढून बघा. तो स्वच्छ असेल तर मालकाने बाकीचंही बघितलं असण्याची शक्यता बरीच असते. ऑटोमॅटिक घेत असाल तर तेल कधी बदललं त्याची पावती मागा. चाक काढलंच तर नट 108 न्यूटन मीटरला आवळा, पायाने पान्यावर उभं राहून नव्हे. आणि चालवून बघायला जाताना रोज नेता ती सगळ्यात अडचणीची वस्तू सोबत घेऊन जा. विकणारा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.